दप्तर नसलेली संस्था
व्हाइटफील्डहून पाहिलेला नकाशेवेड्यांचा इतिहास

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर बंगळुरातले व्हाइटफील्ड शोधायला गेलात तर ते एका पानावर सापडत नाही. पूर्व रेखांश ७७ अंश ४५ मिनिटांची रेघ जुन्या इनर सर्कलला जवळजवळ चिकटून जाते आणि उत्तर अक्षांश १३ अंशांची रेघ रेल्वे स्टेशनच्या किंचित उत्तरेला येते. शीट पाव-पाव अंशाची असते. त्यामुळे गाव आणि आसपासचा मुलूख एकत्र पाहायचा तर ५७ जी/१२, ५७ जी/१६, ५७ एच/९ आणि ५७ एच/१३ अशी चार पाने जमिनीवर पसरून कडा जुळवाव्या लागत. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे नवे नाही. हवा तो घाट नेमका शीटच्या कोपऱ्यात असतो आणि शेजारचे पान विक्रीला नसे. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली पाने पूर्वी सामान्य माणसाला मिळत नसत, म्हणून कोकणात उतरणाऱ्या वाटांचे नकाशे झेरॉक्सच्या झेरॉक्सवर फिरायचे. नकाशाचे वेड बहुतेकांना असे कडा जुळवतानाच लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या जगाच्या खुल्या नकाशाला २० वर्षे झाली. त्या निमित्ताने बंगळुरातल्या नकाशेप्रेमींचा इतिहास या स्मरणिकेत यावा, असे ठरले. संस्थेचा इतिहास लिहायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे : स्थापनेची सभा, पहिले अध्यक्ष, घटनेची नोंदणी, इमारत निधी, देणगीदारांची यादी, मग रौप्यमहोत्सव. इथे यांतले काहीही नाही. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, पाटी नाही, चहाच्या खर्चाची वहीसुद्धा नाही. जे आहे ते मात्र कोणत्याही संस्थेच्या इतिवृत्तापेक्षा चोख आहे. या नकाशावर कोणी एखादी गल्ली काढली, नाव बदलले किंवा चुकून तळे पुसले, तर ते कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केले याची नोंद कायम राहते. आजही कोणीही ती उघडून वाचू शकतो. सभा झाल्या की नाही हे कळत नाही, काम झाले ते मिनिटासकट कळते. पाटी असलेल्या कितीतरी मंडळांत याच्या नेमके उलटे असते.

बंगळुराला नकाशाचे वळण जुने आहे. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर लगेच, १८०० साली, विल्यम लॅम्बटनने बंगळुराजवळ एक आधाररेषा मोजली. पुढे १८०२ मध्ये मद्रासहून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती रंगीत तालीमच होती. त्याच सुमारास कॉलिन मॅकेन्झी म्हैसूर राज्याची पाहणी करत होता आणि नकाशांबरोबर शिलालेख, हस्तलिखिते, दंतकथा असे हाती लागेल ते गोळा करत होता. लॅम्बटन त्या सर्वेक्षणातली त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे ओढत नेताना जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. बंगळूर ते हिंगणघाट हा प्रवास त्याने त्रिकोणामागून त्रिकोण मोजत केला, हे हिंगणघाटच्या शाळकरी मुलांना तरी कोणीतरी सांगायला हवे. बंगळुराच्या ईशान्येला १८६८ मध्ये पुन्हा एक आधाररेषा मोजली गेली. तिच्या एका टोकाची वेधशाळा कण्णूर या गावी, व्हाइटफील्डहून पंधरा-सतरा किलोमीटरवर उभी होती. २०२४ मध्ये ती जमीनदोस्त झाली. दुसऱ्या टोकाची मेखरी सर्कलजवळ आहे. रोज हजारो लोक तिच्यावरून नजर फिरवून सिग्नल सुटायची वाट पाहतात.

व्हाइटफील्डही मुळात आखून वसवलेले गाव. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडेयर यांनी १८८२ मध्ये डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट यांच्या युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली. मधे मोकळे मैदान, भोवती घरांचे आतले वर्तुळ आणि त्याबाहेर दुसरे वर्तुळ, अशी त्या वसाहतीची मांडणी. ती दोन वर्तुळे इनर सर्कल आणि आउटर सर्कल या नावांनी आजही रस्त्यांवर टिकून आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रात आयटी पार्क, बहुमजली इमारती आणि गोदामांच्या गर्दीत ती ओळखता येतात. त्याही आधीचा एक दाखला कडुगोडीच्या शिलालेखात आहे. अकराव्या शतकात, राजेंद्र चोळाच्या काळात, पट्टंदूरचा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे. पट्टंदूर अग्रहार आज मेट्रोच्या स्टेशनाचे नाव आहे. तलाव शोधायला मात्र नकाशाच लागतो.

नकाशावर प्रेम करणाऱ्यांनी एकत्र जमण्याची आपल्या बाजूची पहिली मोठी खटपट मुंबईची. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० मध्ये निघाली आणि पाठोपाठ बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी. तांबड्या समुद्राचे, इराणच्या आखाताचे, सिंधच्या मुखाचे नकाशे काढणारे इंडियन नेव्हीचे अधिकारी तिथे निबंध वाचत आणि ते सोसायटीच्या ‘ट्रँझॅक्शन्स’मध्ये छापले जात. १८७३ मध्ये ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. तिचे काम मोठे होते, पण ते साहेबांचे, आरमाराचे आणि राज्याच्या गरजेचे काम होते. ज्यांच्या किनाऱ्याचा नकाशा निघे त्या कोळ्याला, खलाशाला तो पाहायला मिळत नसे. मला या साऱ्या इतिहासात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : काढून झालेला नकाशा कोणाचा? नकाशेवेड्यांची कोणती संस्था जगली आणि कोणती विरली, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या प्रश्नात सापडते.

आता अलीकडे येऊ. २ मे २००० पासून अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे होणारा बिंदू एकदम रस्त्याच्या रुंदीपर्यंत आला. २००४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्टने ठरवले की सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेची महागडी माहिती विकत घेण्यापेक्षा लोकांनी चालत, सायकलने फिरत आपला नकाशा आपणच काढावा. ओपनस्ट्रीटमॅप असे सुरू झाले. एक-दोन वर्षांत ते इतरत्र पसरले आणि जिथे संगणकवाले जास्त तिथे आधी रुजले, म्हणजे भारतात अर्थातच बंगळुरात.

त्या काळात रविवारी होणाऱ्या ‘मॅपिंग पार्टी’त पार्टीसारखे काही नसे. सकाळी एखाद्या चौकात चार-सहा जण जमायचे, आपापला पट्टा वाटून घ्यायचे आणि उन्हात पायपीट करायचे. जीपीएस असलेला माणूस एखादाच, बाकीच्यांच्या हातात वही. २००९ नंतर ‘वॉकिंग पेपर्स’ आले. त्यात नकाशाचे पान छापून घ्यायचे, पेनाने त्यावर खुणा करायच्या आणि मग ते पान स्कॅन करून संगणकावर पुन्हा जागेवर बसवायचे. दुपारी दर्शिनीत डोसा, संध्याकाळी घरी बसून भरणी. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने बिंगची हवाई छायाचित्रे नकाशासाठी वापरू दिली, तेव्हा भरणीचे काम घरबसल्या होऊ लागले आणि चालणारे कमी झाले. हे नुकसान फारसे कोणी बोलून दाखवत नाही. छतावरून रस्ता दिसतो, पण रस्त्याचे नाव, नळाची वेळ किंवा दवाखान्याचे दार दिसत नाही.

व्हाइटफील्डमध्ये चालत नकाशा काढण्याला आणखी एक अडथळा आहे : फाटक. इथले निम्मे रस्ते खासगी लेआउटच्या आत आहेत. वॉचमनला ‘नकाशा काढतोय’ सांगितले तर तो आधी फोन लावतो, मग सोसायटीचा सेक्रेटरी येतो, आणि सेक्रेटरीला जे समजावून सांगावे लागते तेवढ्या वेळात दोन गल्ल्या झाल्या असत्या. म्हणून इथे एक पायंडा पडला : आतला रस्ता तिथेच राहणाऱ्याने काढायचा आणि बाहेरच्याने फाटक तेवढे नोंदवायचे. नकाशात फाटक हा बिंदू आहे. त्याला ‘खासगी’ अशी खूण लावली की वाट दाखवणारे ॲप तिथून माणसाला आत घालत नाही. डिलिव्हरीची पोरे या खुणेला मनातल्या मनात किती दुवा किंवा शिव्या देत असतील, हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे.

बंगळुरात त्याच वर्षांत दुसराही एक प्रयोग झाला आणि त्याचा शेवट आमच्यासाठी धडा ठरला. गुगलच्या बंगळूर कार्यालयात ललितेश कट्रगड्डा आणि संजय जैन यांच्या कल्पनेतून ‘मॅप मेकर’ उभा राहिला आणि २००८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. भारतातल्या गावोगावच्या हौशी लोकांनी त्यात रस्ते, देवळे, शाळा, बसथांबे ओतले. काम सुरेख होते, साधन सोपे होते. पण काढलेला नकाशा कंपनीचा होता. २०१३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गुगलने ‘मॅपथॉन’ स्पर्धा घेतली, तिच्याविरुद्ध भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाने प्राथमिक चौकशी सुरू केली. ३१ मार्च २०१७ रोजी ‘मॅप मेकर’ बंद झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे आपला तालुका रेखला त्यांच्या हाती त्याची स्वतंत्रपणे वापरता येईल अशी प्रत उरली नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे उलट. १२ सप्टेंबर २०१२ पासून लागू झालेल्या परवान्यानुसार ती सारी माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. श्रेय द्यायचे आणि सुधारलेली माहिती पुढे खुली ठेवायची, एवढीच अट. उद्या मूळ संकेतस्थळ बुडाले तरी नकाशा बुडणार नाही. बंगळुरातल्या मंडळींत ‘गुगलवरून बघून काढू नका’ हा नियम सोवळ्यासारखा पाळला जातो तो याच कारणाने. उसन्या रेघा आल्या की मालकी डागाळते.

‘डेटामीट’ हा गट २०११ मध्ये बंगळुरातून सुरू झाला आणि नकाशावाल्यांना हक्काची बैठक मिळाली. मुळात तो खुल्या माहितीसाठी झटणाऱ्यांचा. पण सरकारी आकडे हाती आले की ते मांडायला हद्दी लागतात, आणि हद्दी कुठेच धड मिळत नव्हत्या. मग लोकसभा आणि विधानसभा मतदारसंघांच्या, जिल्ह्यांच्या, पुढे गावांच्या सीमा जुळवून त्यांच्या फाइली त्यांनी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. निवडणुकीच्या रात्री वर्तमानपत्रांच्या पानांवर जे रंगीत मतदारसंघ दिसतात, त्यांच्या मागे कितीदा अशा विनामूल्य फाइली असतात, हे वाचकाला कळायचे काही कारण नसते. पुढे नकाशाच्या व्यवसायातल्या कंपन्यांनी बंगळुरात पगारी तुकड्या उभ्या केल्या आणि रविवारची हौस सोमवारी नोकरी झाली. पगारी माणूस लांबच्या शहरातला रस्ता छायाचित्र पाहून दुरुस्त करतो आणि तिथल्या रहिवाशाला ते रुचत नाही, असे खटके जगभर उडाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने अशा संघटित कामासाठी नियमावली केली. त्याच महिन्यात, १७ आणि १८ तारखेला, ‘स्टेट ऑफ द मॅप एशिया’ ही आशियाई परिषद बंगळूरच्या आयआयएममध्ये भरली. जकार्ता, मनिला आणि काठमांडूनंतरचे हे ठिकाण. या इतिहासात समारंभ म्हणावा असा प्रसंग हा एवढाच.

कायद्याची भीती मात्र सतत सोबत होती. मे २०१६ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीच्या नियमनाच्या विधेयकाचा मसुदा मांडला. परवानगीशिवाय नकाशाची माहिती गोळा करणाऱ्याला किंवा चुकीचा नकाशा दाखवणाऱ्याला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. गल्लीतले सुलभ शौचालय नोंदवणाऱ्या पोराने १०० कोटी कुठून आणायचे? ‘सेव्ह द मॅप’ नावाने देशभर हरकती गेल्या आणि ते विधेयक पुढे सरकले नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर दिशाच बदलली. भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे काढायला आधी परवानगी घ्यायची गरज उरली नाही. सर्वेक्षण विभागानेही आपल्या २५० व्या वर्षी, २०१७ मध्ये, ‘नक्शे’ संकेतस्थळावर टोपोशीट फुकट उतरवून घेण्याची सोय केली होती. चार पाने जमिनीवर पसरायची कसरत संपली. संगणकाच्या पडद्यावर कडा आपोआप जुळतात.

देशाच्या सीमेचा पेच मात्र सुटलेला नाही. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी बाह्य सीमा छापणे हा १९६१ च्या कायद्याच्या १९९० मधल्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. ओपनस्ट्रीटमॅपचा जागतिक दंडक मात्र प्रत्यक्ष जमिनीवर जे आहे ते दाखवण्याचा. इथल्या मंडळींनी वाद न घालता वाट काढली : माहिती खुल्या नकाशातून घ्यायची आणि भारतात काही प्रकाशित करताना सीमा अधिकृत वापरायची. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

नावांच्या बाबतीत तर या नकाशाने आपल्या राजकारण्यांना लाजवावे. प्रत्येक ठिकाणाला प्रत्येक भाषेतल्या नावासाठी वेगळा रकाना आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकाने बंगळुरासह बारा शहरांची नावे बदलली, तेव्हा मुख्य रकान्यात नवे नाव आले आणि मराठीच्या रकान्यात बेळगाव बेळगावच राहू शकले. कोणी मोर्चा काढला नाही. व्हाइटफील्डच्या आसपास खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची आहे. हूडी, नल्लूरहळ्ळी, इम्मडिहळ्ळी, रामगोंडनहळ्ळी ही नावे पाटीगणिक वेगळी लिहिलेली सापडतात. कन्नड येणाऱ्या सभासदाने कन्नड रकाना भरला की उच्चाराचा वाद तिथेच मिटतो.

नकाशाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी २०१५ हे एकच वर्ष पुरे. २५ एप्रिलला नेपाळात भूकंप झाला आणि जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी डोंगरातली गावे, पायवाटा, हेलिकॉप्टर उतरेल अशी मैदाने दिवसरात्र रेखून मदत पथकांना दिली. डिसेंबरमध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा खुल्या नकाशावर लोकांनी आपापली पाण्याखालची गल्ली टिचकी मारून दाखवली आणि शहराचा पूरनकाशा लोकांच्याच हातून तयार झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये पाणी आमच्याच महादेवपुरा भागात शिरले. बेळ्ळंदूर तलावाचे पाणी वर्तूर तलावात आणि तिथून पुढे दक्षिण पिनाकिनीला जाते. या तळ्यांना जोडणारे ‘राजकालुवे’, म्हणजे जुने मोठे नाले, महसुली गावनकाशांत स्पष्ट आहेत. त्यांतले किती जमिनीवर शिल्लक आहेत आणि किती कोणाच्या कुंपणात गेले, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आणि इथेच आमच्या कामातली मोठी उणीव दिसते. व्हाइटफील्डच्या नकाशात लेआउटमधल्या जॉगिंग ट्रॅकचे वळणन् वळण आहे. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्टेशनांचे जिनेसुद्धा लोकांनी हौसेने नोंदवले. पण लेआउटमधल्या इमारती आणि ती मेट्रो बांधणारे मजूर ज्या निळ्या ताडपत्र्यांच्या वस्त्यांत राहतात, त्या नकाशात बहुतेक कोऱ्या आहेत. पाण्याचा टँकर कुठे थांबतो, रेशन दुकान कोणते, अंगणवाडी कुठे, हे काही नाही. कारण उघड आहे : आपण संगणकवाले लोक आपल्या पायाखालचाच नकाशा काढतो. बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या साहेबांना नावे ठेवताना हे विसरता कामा नये. आमचा नकाशा पाहायला सगळ्यांना खुला आहे, पण काढायला अजून सगळे आलेले नाहीत.

म्हणून ही स्मरणिका वाचणाऱ्या व्हाइटफील्डच्या मराठी घरांना एक विनंती. सभासद होण्यासाठी अर्ज नाही, फी नाही. फक्त खाते उघडावे लागते. पुढचा पावसाळा येण्याआधी आपल्या घराजवळचा नाला कुठून येतो आणि कुठे जातो, तेवढे चालून पाहा आणि नकाशात घाला. कामाला येणाऱ्या ताईंना त्यांच्या वस्तीचे नाव विचारा, त्यांची परवानगी घ्या आणि ती वस्ती, तिथला नळ, तिथली अंगणवाडी नोंदवा. कन्नड येत असेल तर कन्नड रकाना भरा, येत नसेल तर शेजाऱ्याला बसवून भरून घ्या. बदल कोणी केला हे नकाशा आपोआप लिहून ठेवेल, आणि या संस्थेच्या इतिहासात तुमचे नाव छापायची जबाबदारी कोणत्याही संपादकावर राहणार नाही.